बोरेज कुळातील निळी फुलझाडे: सावलीच्या आणि उन्हाच्या वाफ्यासाठी कोणती निवडावीत?

निळाई (हर्टफर्डशायर, इंग्लंड)

नमस्कार. आम्ही अलीकडेच ज्या घरात राहायला आलो, त्याच्या मागील अंगणात कुंपणालगत फुलझाडांसाठी दोन लांब पट्टे सोडलेले आहेत. पहिला पट्टा घराच्या उत्तरेकडील भिंतीला लागून आहे. तेथे उन्हाळ्यात फक्त सकाळचे ऊन येते, माती चिकण आहे आणि हिवाळ्यात ती बराच काळ ओली राहते. दुसरा पट्टा दक्षिणाभिमुख असून त्याला दिवसभर ऊन मिळते. तेथे थोडे खणले की चुनखडीचे पांढरे खडे लागतात आणि पाऊस थांबला की माती लगेच कोरडी पडते. दोन्ही पट्टे साधारण ६ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहेत.

या बॉर्डरमध्ये मला मुख्यतः निळी फुले हवी आहेत आणि ती मार्चपासून सप्टेंबरपर्यंत एकामागून एक येत राहावीत अशी इच्छा आहे. येथील सार्वजनिक बागांमध्ये जी निळी झाडे मला मनापासून आवडली, त्यांची नावे टिपून घेतली तेव्हा लक्षात आले की फरगेट-मी-नॉट, पल्मोनारिया, ब्रुनेरा, अँकुसा, एकियम आणि कॉम्फ्री ही सगळी एकाच, म्हणजे बोरेजच्या, कुळातील आहेत. त्यामुळे शक्यतो याच कुळातील झाडांवर बॉर्डर उभी करावी असे मनात आहे.

यांपैकी कोणती झाडे कोणत्या पट्ट्यात लावावीत, आणि कोणती झाडे पसरून इतरांची जागा बळकावतात? आमची लहान मुलगी बागेत खेळते, म्हणून यांतील काही झाडे विषारी आहेत का, हेही जाणून घ्यायचे आहे. शिवाय माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. त्यांनाही अशी निळी फुले अंगणात लावायची आहेत आणि येथून बिया पाठवता येतील का असे त्या विचारत आहेत. त्या हवेत यांतील काय जगेल, हे कोणी अनुभवाने सांगितले तर फार उपयोग होईल.

मृद्गंध (यॉर्कशायर, इंग्लंड)

निळाई, तुमच्या दोन पट्ट्यांचे वर्णन वाचून सर्वांत आधी सांगावेसे वाटते ते हे, की या कुळातील झाडे रंगावरून निवडू नयेत, ओलाव्यावरून निवडावीत. बागेत लावण्याजोग्या या झाडांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक गट जंगलाच्या कडेला, पानगळीच्या वृक्षांखाली वाढणारा आहे. त्याला कुजलेल्या पानांची भुसभुशीत माती आणि मुळांशी सतत थोडी ओल लागते. दुसरा गट भूमध्य समुद्राभोवतालच्या उघड्या, कोरड्या माळांवरचा आहे, आणि त्याची मुळे जमिनीत खोल जातात. अँकुसा तुमच्या उत्तरेकडील चिकण मातीत लावली तर ओल्या हिवाळ्यात ती मुळाशी कुजेल, आणि ब्रुनेरा दक्षिणेकडे लावला तर भर उन्हाळ्यात त्याच्या पानांच्या कडा करपतील. सुदैवाने तुमच्याकडे दोन्ही प्रकारच्या जागा आहेत. वसंत ऋतूची जबाबदारी सावलीच्या पट्ट्याकडे आणि उन्हाळ्याची उन्हाच्या पट्ट्याकडे सोपवली, की मार्च ते सप्टेंबर हा काळ भरून निघतो.

सावलीच्या पट्ट्यात सर्वांत आधी फुलतो तो पल्मोनारिया. त्याच्या पानांवर पांढरे ठिपके असतात, आणि ती पाने फुफ्फुसासारखी दिसतात म्हणून युरोपात पूर्वी ती छातीच्या विकारांवर देत असत. कळ्या गुलाबी असतात आणि उमललेली फुले हळूहळू निळी होत जातात, कारण फूल जुने होताना पाकळ्यांतील पेशीरसाची आम्लता बदलते. त्यामुळे एकाच गुच्छात दोन्ही रंग शेजारीशेजारी दिसतात. तुम्हाला शुद्ध निळा रंगच हवा असेल तर ‘ब्लू एन्साइन’ ही जात घ्या. तिची पाने ठिपक्यांविना गर्द हिरवी असतात आणि फुलांचा निळा फार गडद असतो. मार्चमध्ये या फुलांवर पायांना लव असलेली एक गुबगुबीत एकांडी मधमाशी येते, अँथोफोरा प्लुमिपेस. तिची मादी काळी आणि नर तांबूस असतो, आणि वर्षाच्या त्या दिवसांत तिला पल्मोनारियाइतका हक्काचा मकरंद दुसरीकडे क्वचितच मिळतो. केवळ तिच्यासाठीसुद्धा हे झाड लावावे असे मी म्हणेन. मे महिन्यात फुले संपली की पाने राखाडी भुरीने माखू लागतात. तेव्हा सगळी पाने जमिनीलगत कापून भरपूर पाणी द्यावे. थोड्याच आठवड्यांत नवी, स्वच्छ पाने येतात आणि ती हिवाळ्यापर्यंत टिकतात. हे काम बरेच लोक टाळतात आणि मग झाड रोगट आहे असे म्हणतात.

त्यामागोमाग एप्रिल-मेमध्ये ब्रुनेरा मॅक्रोफायला फुलतो. हा मूळचा कॉकेशसचा आहे आणि त्याची फुले फरगेट-मी-नॉटसारखीच बारीक, आकाशी निळी असतात. पण खरी शोभा पानांची आहे. हृदयाच्या आकाराची ती पाने फुले गेल्यावर आणखी मोठी होतात आणि ऑक्टोबरपर्यंत जमीन झाकून ठेवतात, त्यामुळे तणाला वाव राहत नाही. ‘जॅक फ्रॉस्ट’ जातीच्या पानांवर चांदीसारखा पांढुरका मुलामा असून हिरव्या शिरा उठून दिसतात. भिंतीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती फार खुलते. या दोघांच्या पुढे, वाफ्याच्या अगदी काठाला, ओम्फॅलोडेस कॅपॅडोसिका लावा. ते वीत-दीड वीत उंचीचे, मंद गतीने पसरणारे झाड आहे. त्याच्या ‘चेरी इंग्रॅम’ या जातीचा निळा मला या सगळ्या कुळात सर्वांत प्रिय आहे. तुमच्या चिकण मातीत लावण्यापूर्वी पानांचे कुजलेले खत मात्र भरपूर मिसळावे लागेल.

फरगेट-मी-नॉट, म्हणजे मायोसोटिस सिल्व्हॅटिका, दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या भागात चालेल. ती द्विवर्षायू आहे. मे ते जुलैदरम्यान बी पेरायचे, शरद ऋतूत रोपे जागेवर लावायची आणि पुढच्या वसंतात फुले घ्यायची, असा तिचा क्रम आहे. एकदा लावल्यावर ती आपोआप उगवत राहते. नको असलेली रोपे सहज उपटली जातात, त्यामुळे तिच्या पसरण्याची मला कधी चिंता वाटलेली नाही.

उन्हाच्या पट्ट्यात जूनचा मान अँकुसा अझुरियाच्या ‘लॉडन रॉयलिस्ट’ या जातीला द्यावा. ती साधारण ९० सेंटिमीटर उंच होते आणि तिच्या निळ्याला जांभळी झाक जवळजवळ नाही. फुलांच्या भाराने ती आडवी पडते, म्हणून मे महिन्यातच काटक्यांचा आधार द्यावा. पहिला बहर संपताच दांडे कापले तर अनेकदा दुसरा, थोडा लहान बहर येतो. ती अल्पायुषी आहे हे मात्र आधीच समजून घ्या. दोन-चार वर्षांत मूळ झाड जाते, म्हणून हिवाळ्यात मुळाचे बोटभर लांबीचे तुकडे वाळूमिश्रित मातीत उभे लावून नवी रोपे तयार ठेवावीत. तुकड्याचे वरचे टोक वरच राहिले पाहिजे, यासाठी कापतानाच वर सरळ आणि खाली तिरका काप द्यावा.

तिच्या शेजारी एकियम व्हल्गारे शोभेल. ते इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर आपोआप वाढणारे रानझाड असल्यामुळे तुमच्या त्या पांढऱ्या खड्यांत त्याला घरी असल्यासारखे वाटेल. पहिल्या वर्षी फक्त जमिनीलगत पानांचे चक्र येते आणि दुसऱ्या वर्षी जून ते ऑगस्टमध्ये उंच तुरे. पहिल्या वर्षीच फुले हवी असतील तर ‘ब्लू बेडर’ हा बुटका प्रकार मार्च-एप्रिलमध्ये जागेवरच पेरा. काही रोपवाटिका कॅनरी बेटांतील एकियम पिनिनाना विकतात. ते चार मीटरपर्यंत उंच जाते आणि पाहणारा थक्क होतो, परंतु कॉर्नवॉल किंवा सिली बेटांसारख्या सौम्य हवेतच ते भरवशाने तगते. हर्टफर्डशायरच्या कडाक्यात ते फुलण्यापूर्वीच गोठण्याची शक्यता मोठी आहे.

साधा बोरेज आणि सेरिंथे मेजर ‘पर्प्युरासेन्स’ ही दोन्ही वर्षायू झाडे मोकळ्या राहिलेल्या जागी पेरावीत. बोरेजचे सोटमूळ दुखावले तर झाड खुंटते, म्हणून ते कुंडीतून हलवण्याऐवजी थेट पेरणे बरे. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा पेरले तर सप्टेंबरपर्यंत फुले मिळतात. सेरिंथेच्या फुलांपेक्षा तिच्या शेंड्याकडच्या निळ्या-जांभळ्या पानांचेच सौंदर्य अधिक आहे.

दोन झाडांबाबत मी सावध करीन. लिथोडोरा ‘हेवनली ब्लू’ दुकानात फार मोहक दिसते, पण तिला आम्लधर्मी माती लागते आणि तुमच्या चुनखडीत तिची पाने पिवळी पडतील. कॉम्फ्री बॉर्डरमध्ये आणूच नका. तिच्या मुळाचा छोटा तुकडा मातीत राहिला तरी नवे झाड उगवते आणि एकदा ती रुजली की शेजारची नाजूक झाडे तिच्या पानांखाली दबून जातात. खतासाठी हवी असेल तर बागेच्या दूरच्या कोपऱ्यात ‘बॉकिंग १४’ हा प्रकार लावा. लॉरेन्स हिल्स यांनी १९५० च्या दशकात एसेक्समधील बॉकिंग येथे निरनिराळे प्रकार लावून त्यातून तो निवडला. तो वांझ असल्यामुळे बियांनी पसरत नाही आणि त्याची पाने पाण्यात कुजवून मिळणारे पोटॅशयुक्त द्रवखत टोमॅटोला फार मानवते.

द्रव्यगुण (नाशिक)

मी वनस्पतिजन्य औषधांचे अध्यापन करते, म्हणून सुरक्षिततेच्या प्रश्नापुरते लिहिते. या कुळातील बहुतेक झाडांमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्ये कमीअधिक प्रमाणात असतात. पोटात गेल्यावर यकृतात त्यांचे रूपांतर होऊन जे घटक तयार होतात, ते यकृतातील सूक्ष्म शिरांना इजा करतात. ही इजा बहुधा एका घासाने होत नाही. थोडे थोडे अनेक दिवस पोटात जात राहिले तर ती साचत जाते, आणि म्हणूनच ती लवकर ओळखू येत नाही. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानच्या वायव्य भागात गव्हाच्या पिकात माजलेल्या हेलियोट्रोपियम या याच कुळातील तणाच्या बिया पिठात मिसळल्या गेल्या आणि हजारो माणसांना यकृताचा गंभीर आजार झाला. कॉम्फ्रीचा काढा किंवा गोळ्या घेण्याची प्रथाही याच कारणाने मागे पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली कॉम्फ्रीयुक्त पूरक आहार बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगितले.

बॉर्डरमधील झाडांच्या बाबतीत यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. ही द्रव्ये अखंड त्वचेतून फारच कमी शोषली जातात, त्यामुळे मुलीने पानाला हात लावला किंवा फूल तोडले तर विषबाधा होत नाही. जो त्रास होतो तो राठ केसांचा. एकियम, अँकुसा आणि बोरेज यांचे केस नाजूक त्वचेत टोचून खाज व पुरळ येऊ शकते, म्हणून ही झाडे पायवाटेच्या अगदी काठाला न लावता थोडी मागे लावावीत आणि छाटणी करताना हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. बोरेजची चार-दोन फुले सरबतावर किंवा कोशिंबिरीवर घालण्याची इंग्लंडमधील पद्धत जुनी आहे आणि एवढ्या प्रमाणाला माझा आक्षेप नाही. रोज पानांची भाजी करून खाणे मात्र टाळावे, आणि गर्भवती स्त्रियांनी, स्तनदा मातांनी व लहान मुलांनी ते पूर्णपणे टाळावे. कोणी घोडे पाळत असेल तर छाटलेले एकियम कधीही चाऱ्यात जाऊ देऊ नये. वाळल्यानंतरही त्याचा विषारीपणा टिकून राहतो.

कृष्णाकाठ (सातारा)

तुमच्या सासूबाईंच्या अंगणाबद्दल मी लिहितो, कारण याच हवेत मी बाग करत आलो आहे. पल्मोनारिया, ब्रुनेरा आणि ओम्फॅलोडेस यांचा विचार त्यांनी सोडून द्यावा. या झाडांना हिवाळ्यात खरी थंडी आणि नंतर थंड, लांबलेला वसंत लागतो. आपल्याकडील मार्च-एप्रिलचे ऊन त्यांना सोसत नाही. वर्षायू झाडे मात्र हिवाळी हंगामात उत्तम येतात, आणि त्यात मी पहिला क्रमांक सायनोग्लॉसम अमाबिले या चिनी फरगेट-मी-नॉटला देईन. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळून बी जागेवरच विरळ पेरावे आणि बोटाच्या पेराएवढी माती न घालता अगदी पातळ थर द्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत दीड-दोन फूट उंचीवर आकाशी निळी फुले येतात आणि मार्च तापू लागला की झाड संपते. बोरेजही याच वेळी पेरता येतो. त्याला पाणी बेताने द्यावे, नाहीतर बुंधा मऊ पडून कोसळतो.

कायम राहणारे झाड हवे असेल तर पेरू देशातून जगभर गेलेला हेलियोट्रोप कुंडीत लावावा. जांभळ्या गुच्छांना व्हॅनिलासारखा गोड सुगंध असतो. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली, तर तो आपल्या हवेत अनेक वर्षे टिकतो, जे इंग्लंडात कडाक्याच्या थंडीमुळे उघड्यावर जमत नाही.

या निमित्ताने एक गोष्ट आवर्जून सांगतो. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला या कुळाची झाडे पाहण्यासाठी परदेशी बियांची गरज नाही. पावसाळ्यात कासच्या पठारावर निसुर्डी फुलते. तळाची मोठी हृदयाकार पाने आणि वर फिकट निळ्या-पांढऱ्या फुलांचे तुरे, असे तिचे रूप ब्रुनेराशी विलक्षण जुळते. रस्त्याकडेला छोटा कल्पा दिसतो. त्याची खाली झुकलेली फिकट निळी फुले पुढे गुलाबीसर होतात, म्हणजे पल्मोनारियाच्या नेमके उलट. पाणथळ पडीक जागी भुरुंडी उगवते, जिचा तुरा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला असतो म्हणून संस्कृतात तिला हस्तिशुंडी म्हणतात. तुरा असा वळलेला असणे आणि फूल उमलेल तसतसा तो उलगडत जाणे, ही या कुळाची सर्वांत सोपी खूण आहे. एवढेच नव्हे, तर २०१६ च्या एपीजी या सपुष्प वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे ज्याचे लोणचे आपण घालतो ते भोकरही याच कुळात मोडते, जरी काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे वेगळे कुळ मानतात. निसुर्डी कासवरून उपटून किंवा तिच्या बिया गोळा करून कोणीही आणू नये, कारण ते राखीव वनक्षेत्र आहे आणि २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट आहे. छोटा कल्पा मात्र स्वतःच्या बांधावर असेल तर त्याचे बी अंगणात टाकायला काहीच हरकत नाही.

बिया टपालाने किंवा सामानातून पाठवू नका, ही विनंती. २००३ च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटीन) आदेशानुसार लागवडीसाठी बी भारतात आणायला आयात परवाना आणि निघालेल्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सायनोग्लॉसमचे बी हिवाळी फुलांच्या हंगामात पुण्यातील बियाणांच्या दुकानांत विचारले तर मिळू शकते.

दक्षिणगोल (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया)

वरील चर्चा ऑस्ट्रेलियातील वाचकही वाचत असतील, म्हणून एवढेच जोडतो. ‘ब्लू बेडर’ या नावाने विकले जाणारे बी काही ठिकाणी एकियम व्हल्गारेचे, तर काही ठिकाणी एकियम प्लॅन्टाजिनियमचे म्हणून दिले जाते. यांपैकी दुसरे झाड म्हणजेच येथील कुप्रसिद्ध ‘पॅटर्सन्स कर्स’. एकोणिसाव्या शतकात बागेतील शोभेचे झाड म्हणून ते आले आणि पुढे लाखो एकर कुरणांवर पसरले. मधमाशीपालकांना त्याच्या मकरंदामुळे ते हवे होते आणि पशुपालकांना घोडे-गुरे दगावतात म्हणून नको होते. त्यावर किडी सोडून नियंत्रण आणावे की नाही, हा वाद न्यायालयात गेला आणि त्यातूनच १९८४ चा जैविक नियंत्रण कायदा झाला. तेव्हा येथे राहणाऱ्यांनी पाकिटावरील शास्त्रीय नाव आणि आपल्या राज्याची तणांची यादी पाहिल्याशिवाय कोणतेही एकियम पेरू नये. निळाई यांच्यासाठी इंग्लंडमध्ये ही अडचण नाही.

निळाई (हर्टफर्डशायर, इंग्लंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना कृष्णाकाठ यांचे उत्तर वाचून दाखवले. छोटा कल्पा त्यांनी लगेच ओळखला, आणि सायनोग्लॉसमचे बी त्या सप्टेंबरमध्ये पुण्याहून मागवणार आहेत. कॉम्फ्री व लिथोडोरा मी यादीतून काढली आहेत. मृद्गंध, आता एकच शंका उरली आहे. सावलीच्या पट्ट्यातील झाडे या शरद ऋतूत लावावीत की वसंतापर्यंत थांबावे, आणि ६ मीटरसाठी किती रोपे घ्यावीत?

मृद्गंध (यॉर्कशायर, इंग्लंड)

पल्मोनारिया आणि ब्रुनेरा सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीस लावा, कारण तेव्हा जमीन अजून उबदार असते आणि पावसामुळे मुळे हिवाळ्यापूर्वी धरतात. ओम्फॅलोडेस मात्र एप्रिलमध्ये लावा. ओल्या चिकण मातीत त्याचे लहान रोप पहिला हिवाळा काढताना कुजण्याचा धोका असतो. ब्रुनेरा ४५ सेंटिमीटर अंतरावर आणि पल्मोनारिया ३० ते ४० सेंटिमीटरवर, असे तीन-तीनच्या पुंजक्यांत लावलेत तर ६ ब्रुनेरा आणि ९ पल्मोनारिया पुरतील. काठासाठी ओम्फॅलोडेसची ५ रोपे घ्या. सुरुवातीला मधे रिकाम्या जागा दिसतील, तेथे फरगेट-मी-नॉटची रोपे खोचा. तिसऱ्या वर्षी पल्मोनारियाचे गड्डे फुले संपल्यावर उचलून विभागता येतील, आणि मग विकत रोपे घ्यावी लागणार नाहीत. आपोआप उगवलेली पल्मोनारियाची रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही, तेव्हा ‘ब्लू एन्साइन’चा रंग जपायचा असेल तर फक्त विभागलेले गड्डेच पुढे वाढवा. अँकुसासाठी मार्चअखेरपर्यंत थांबा, आणि तिच्या खड्ड्यात खत अजिबात घालू नका.